चंद्रावरून पडलेल्या दगडाचा सातबारा

जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या सदबीज लिलावात मंगळावरून पृथ्वीवर पडलेला एक दगड ५३ लाख डॉलरना गेला. वजन २४.६७ किलो, रुपयांत किंमत पंचेचाळीस कोटींच्या घरात. बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत आमच्या गावात पोचली आणि रविवारी सकाळीच चुलतभावाचा फोन.

“दादा, विहिरीचं खोदकाम चालू आहे ना, त्यात एक दगड निघालाय. काळाभोर. उचलायला जड, अंगावर भोकं, आणि चुंबक लावलं तर चिकटतं. मंगळाचा नसेल, पण चंद्राचा तरी असेल की नाही?”

मागोमाग फोटोही आला. मापाला म्हणून शेजारी काडेपेटी ठेवलेली, आणि दगडाच्या एका भोकात पांढऱ्या खड्यांचा झुपका चमकत होता. मी म्हटलं, “नाही रे.” तो म्हणाला, “हातात न घेताच?” ‘नाही’ म्हणायला मला एक मिनिट लागलं होतं. ‘का नाही’ हे सांगायला पुढचा तास गेला. तोच तास इथे जरा नीट लावून मांडतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवू

रात्री आकाशातून सर्रकन जाते ती रेघ म्हणजे उल्का. त्यातलं न जळता जमिनीवर पोचतं ते अशनी. बहुतेक अशनी मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यातून येतात. जगभरात आजवर सत्तर हजारांहून जास्त अशनींची नोंद झाली आहे. त्यांत चंद्रावरून आलेले शेकडा एकाच्या आसपास. जुलै २०१९ पर्यंत अशी ३७१ नावं यादीत होती आणि सगळ्यांचं मिळून वजन १९० किलोंच्या वर होतं. मूळ दगड मात्र ३७१ पेक्षा बरेच कमी, कारण एकच दगड फुटून त्याचे चार-पाच तुकडे वेगवेगळ्या लोकांना सापडतात आणि प्रत्येकाला वेगळं नाव मिळतं.

आणखी एक गंमत. चंद्राचा अशनी पडताना आजवर कुणीही पाहिलेला नाही. जे आहेत ते सगळे नंतर कुणालातरी सापडलेले.

चंद्रावरून दगड सुटतोच कसा?

पहिली शंका हीच येते आणि ती रास्त आहे. चंद्राला गुरुत्वाकर्षण आहे, मग तिथला दगड इकडे का यावा?

चंद्राच्या ओढीतून सुटायला सेकंदाला सुमारे २.४ किलोमीटर वेग लागतो. रायफलच्या गोळीच्या अडीच पट म्हणा, किंवा पुण्याहून लोणावळा अर्ध्या मिनिटात म्हणा. पृथ्वीवरून सुटायला ११.२ लागतो, शिवाय वर हवेची जाड गोधडी. चंद्रावर हवाच नाही, त्यामुळे एकदा उडालेला दगड अडवायला वाटेत काही नाही.

हा वेग देतो दुसरा एखादा लघुग्रह. तो चंद्रावर सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटरने आदळतो, खड्डा पडतो. खड्ड्याच्या मधोमध जे असतं ते वितळतं, काही वाफ होऊन जातं. मग साबूत दगड कुठून उडतो? पाथरवटाचं काम कधी जवळून पाहिलं असेल तर हे कळायला सोपं जातं. घण पडतो त्या जागी दगडाचं पीठ होतं, पण थोड्या अंतरावरच्या पृष्ठभागावरून कपच्या उडतात. हादरा आतून येऊन मोकळ्या पृष्ठभागाला भिडतो, तिथे त्याला पुढे दाबायला काही उरत नाही, आणि वरचा पातळ थर फेकला जातो. चंद्रावरून सुटणारे दगड असे कपच्यांसारखेच, वरच्या काही मीटरमधले. त्यासाठी फार मोठा खड्डाही लागत नाही, काही किलोमीटरचा किंवा त्याहून लहान पुरतो.

सुटलेला दगड लगेच आपल्या अंगणात पडत नाही. काही पृथ्वीभोवती फिरत राहतात, काही सूर्याभोवती. बहुतेकांचा प्रवास काही हजार ते काही लाख वर्षांचा असतो, एखाददुसऱ्याला एक कोटीच्या आसपास वर्षं लागली आहेत. हे कळतं कसं? उन्हात शेतावर राबलेल्या माणसाचा हात किती रापलाय त्यावरून त्याने किती दिवस उन्हात काढले ते ओळखता येतं, तसं. अवकाशात उघड्यावर असलेल्या दगडावर वैश्विक किरणांचा मारा होत राहतो आणि त्यात निऑन, बेरिलियम, अ‍ॅल्युमिनियम यांची खास रूपं तयार होतात. ती मोजली की दगड किती रापलाय ते कळतं. पृथ्वीवर आल्यावर हवेच्या आडोशामुळे रापणं जवळपास थांबतं, आणि यातली काही रूपं ठरलेल्या गतीने विरायला लागतात. त्यावरून दगड इथे येऊन किती काळ झाला तेही काढता येतं.

बर्फातला पहिला

१८ जानेवारी १९८२. अंटार्क्टिकात अ‍ॅलन हिल्स नावाच्या टेकड्यांच्या परिसरात अमेरिकन तुकडी स्नोमोबाइलवरून अशनी गोळा करत फिरत होती. त्यांना एक छोटा दगड मिळाला, ३१.४ ग्रॅमचा, गोल्फच्या चेंडूएवढा. वरचा पापुद्रा नेहमीसारखा काळा नव्हता, हिरवट-मातकट होता. नंबर पडला ८१००५.

स्मिथसोनियन संस्थेतले ब्रायन मेसन यांच्याकडे त्याचा पातळ काप गेला. त्यांनी नोंद केली की यातले पांढरे खडे अपोलो मोहिमांनी आणलेल्या चंद्राच्या दगडांतल्या खड्यांसारखे दिसतात. मार्च १९८३ मध्ये ह्यूस्टनच्या परिषदेत वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी आपापले निकाल मांडले आणि निकाल एकच होता: हा चंद्राचा. एरवी शास्त्रज्ञांचं एवढं एकमत सहजी होत नाही.

जपानी चमूला १९७९ मध्येच यामातो डोंगरांजवळ ५२ ग्रॅमचा असाच दगड मिळाला होता, पण तो ओळखला गेला मागाहून. म्हणजे पहिला सापडलेला वेगळा आणि पहिला ओळखलेला वेगळा. यातला मला आवडणारा भाग असा की अपोलोवाले वर जाऊन दगड घेऊन आले नसते, तर आपल्या पायाशी पडलेला दगड ओळखायला आपल्याकडे मापच नव्हतं.

अंटार्क्टिकाच का, तर तिथे निसर्ग स्वतः उपणणी करतो. लाखो वर्षांत पडलेले दगड बर्फात गाडले जातात, बर्फ हळूहळू समुद्राकडे सरकतो, वाटेत डोंगर आडवा आला की तिथे तुंबतो. तिथला कोरडा, सोसाट्याचा वारा बर्फ झिजवत नेतो. खळ्यावर वारा भूस उडवतो आणि दाणे खाली राहतात, तसे दगड निळ्या बर्फावर उघडे पडतात. सहारा आणि ओमानच्या वाळवंटांत गोष्ट वेगळी, पण फायदा तोच: पाऊस नाही म्हणून दगड कुजत नाही, आणि फिकट जमिनीवर गडद दगड लांबून दिसतो. आपल्याकडे चार महिने पाऊस, बाकीचे महिने गवत, आणि काळ्या रानात काळा दगड शोधायचा. चंद्राचे दगड महाराष्ट्रावर पडलेच नसतील असं नाही. पण पडलेला मिळणं अवघड.

हा पृथ्वीचाच कशावरून नाही?

इथे गोडा मसाला कामाला येतो. साहित्य घरोघरी तेच असतं: धणे, खोबरं, तीळ, दगडफूल. पण प्रमाण प्रत्येक घरचं आपलं. चाखणारी आजी असेल तर हा मसाला देशपांड्यांकडचा की जोश्यांकडचा ते नुसत्या वासावरून सांगते. ग्रहांचंही तसंच. लोह आणि मँगनीज ही दोन मूलद्रव्यं सगळीकडे आहेत. चंद्राच्या दगडांत त्यांचं प्रमाण साधारण ७० ला १ असतं, मंगळाच्या दगडांत ४० च्या आसपास. दगड कुठल्याही वाळवंटात सापडो, हे प्रमाण बदलत नाही.

दुसरी खूण ऑक्सिजनची. ऑक्सिजनचे अणू तीन वजनांचे असतात आणि त्यांचं आपसातलं प्रमाणही घरागणिक वेगळं. लघुग्रहांचं वेगळं, मंगळाचं वेगळं. पृथ्वी आणि चंद्राचं मात्र जवळपास तंतोतंत सारखं, एकाच जात्यावर दळलेलं असावं इतकं. चंद्र पृथ्वीच्याच द्रव्यातून घडला असावा, या विचाराला बळ मिळालं त्यात या खुणेचा वाटा आहे. पण म्हणूनच एकट्या ऑक्सिजनवरून पृथ्वी आणि चंद्र वेगळे काढता येत नाहीत.

मग पृथ्वीला बाहेर काढतं पाणी. पृथ्वीवरच्या जवळजवळ प्रत्येक दगडात पाण्याचा हात कुठेतरी लागलेला असतो. चंद्राच्या दगडांतली खनिजं कोरडी ठणठणीत. त्यात लोह गंजलेल्या रूपात नसतं, आणि अवकाशात रापल्याच्या एवढ्या खुणा तर पृथ्वीच्या दगडात नसतात. एवढ्या सगळ्या खुणा एकत्र जुळल्या की मगच शिक्का बसतो.

विहिरीतल्या दगडाचं काय?

आता भावाच्या दगडाकडे. त्याच्या प्रत्येक पुराव्याने त्याच्याच विरुद्ध साक्ष दिली.

चुंबक. साध्या अशनींत लोखंडाचे कण असतात, ते चुंबकाला जोरात ओढतात, म्हणून ही परीक्षा सगळ्यांना माहीत. पण चंद्राच्या दगडात धातूचं लोखंड नगण्य. तो चुंबकाला जेमतेम दाद देतो, बऱ्याचदा देतच नाही. उलट आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पत्थरात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, मॅग्नेटाइटचे कण असतात. त्याला चुंबक चिकटतं. म्हणजे चुंबक चिकटलं तर चंद्राची शक्यता उलट घटते!

वजन. चंद्राचे दगड हातात घेतल्यावर विशेष जड लागत नाहीत, साध्या पत्थराएवढेच. फार जड आणि काळा गोळा शेतात मिळाला तर तो बहुतेक वेळा लोखंडाचा कीट असतो, जुन्या भट्टीतून उरलेला.

भोकं. ही लाव्हारसातल्या वायूच्या बुडबुड्यांची. चंद्रावरही लाव्हा वाहिला, तिथेही बुडबुडे झाले, अपोलो १५ ने असा भोकांचा दगड आणलाही आहे. अशनींत मात्र तसा क्वचित, कारण एवढा पोकळ दगड उडवून देणारा तडाखा सोसेल याचा भरवसा नाही.

आणि तो पांढरा झुपका. तिथेच खरं तर निकाल लागला होता. आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट, अपोफिलाइट अशी स्फटिकं वाढतात. नाशिक, जळगाव, पुणे भागातले हे खडे जगभरचे हौशी लोक जमवतात, सिन्नरला त्यांचं आख्खं संग्रहालय आहे. पण ही खनिजं वाढायला दगडात गरम पाणी मुरावं लागतं, आणि त्यांच्या अंगातही पाणी असतं. असा झुपका चंद्रावर उगवत नाही. भावाला म्हटलं, “तुझा दगड सहा-साडेसहा कोटी वर्षांचा आहे, तेही काही कमी नाही.” त्याला ते फारसं रुचलं नाही.

मग चंद्राचा अशनी दिसतो कसा? चंद्राची फिकट जमीन वर्षानुवर्षे आदळआपट सोसून चुरडली गेली आहे आणि तो चुरा पुन्हा दाबून एक झालेला आहे. अशा दगडाला ब्रेशिया म्हणतात. जुन्या चाळींतली मोझॅइकची लादी आठवा: राखाडी सिमेंटमध्ये रुतलेले पांढरे, वेडेवाकडे खडे. दगड कापून घासला की आत नेमकं तेच दिसतं. बाहेरून मात्र तो तुमच्या-आमच्या गल्लीतला दगड वाटतो, आणि फोटोवरून ओळखणं तज्ज्ञालाही कठीण जातं.

अपोलोने दगड आणलेत, मग यांची गरज काय?

अपोलोच्या सहा मोहिमांनी १९६९ ते १९७२ मध्ये ३८२ किलो दगड-माती आणली. सोव्हिएत रशियाच्या तीन लूना यानांनी मिळून सुमारे तीनशे ग्रॅम. चीनच्या चांग-ई ५ ने २०२० मध्ये १,७३१ ग्रॅम. एवढा साठा असताना वाळवंटातल्या खड्यांना कोण विचारतो?

अपोलो आणि लूना दोन्ही चंद्राच्या आपल्याकडे तोंड असलेल्या बाजूलाच उतरल्या, तेही मधल्या पट्ट्यात. महाराष्ट्र कसा आहे हे ठरवायला मुंबई, ठाणे आणि पनवेलची माती तपासावी, तसं ते झालं. पलीकडच्या बाजूची माती यानाने प्रत्यक्ष आणली ती थेट जून २०२४ मध्ये, चांग-ई ६ ने, १,९३५ ग्रॅम. अशनी मात्र कुठूनही सुटतो. लघुग्रह आदळण्याआधी बाजू बघत नाही. त्यामुळे आपल्या हाती असलेल्या चांद्र अशनींत पलीकडच्या बाजूचे असणारच, आणि त्यातले काही वर्षानुवर्षे कपाटात पडून असतील.

यातून काय कळलं, एक-दोन उदाहरणं. बोट्सवानात १९९९ मध्ये मिळालेला कलहारी ००९ हा साडेतेरा किलोंचा दगड ४३५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा निघाला. चंद्रावर ज्वालामुखी एवढ्या लवकर सुरू झाले होते याचा पुरावा अपोलोच्या लाव्ह्याच्या दगडांत नव्हता. उलट मोरोक्कोकडच्या वाळवंटातला एनडब्ल्यूए ०३२ सुमारे २८० कोटी वर्षांचा, म्हणजे अपोलोच्या लाव्ह्याहून तरुण. चंद्र लवकर थंड पडला ही समजूत त्याने हलवली. पुढे चांग-ई ५ ने दोनशे कोटी वर्षांचा लाव्हा आणून ती पुरती मोडली.

आणि इथे चांद्रयानही येतं. बाळ चंद्र पूर्ण वितळलेला होता, आणि गार होताना हलकी, कॅल्शियमवाली खनिजं दुधावर साय यावी तशी वर तरंगली, असं मानतात. त्या सायीच्या दगडाला अ‍ॅनॉर्थोसाइट म्हणतात. पौर्णिमेला पांढरा दिसतो तो चंद्र म्हणजे ही साय. ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ चा प्रज्ञान रोव्हर दक्षिणेला, सुमारे ७० अंशांजवळ, शंभरेक मीटर फिरला आणि त्याने २३ ठिकाणी माती तपासली. तिथेही सगळीकडे तीच साय. अंटार्क्टिकातल्या त्या गोल्फच्या चेंडूत जे पांढरे खडे होते, तेही हेच. लँडरच्या चाचण्यांसाठी इस्रोने चंद्राच्या मातीसारखी माती बनवली, ती तमिळनाडूत नामक्कलजवळच्या सितमपुंडीच्या अ‍ॅनॉर्थोसाइटपासून. तेव्हा ‘चंद्रासारखा’ दगड भारतात ट्रकने मिळतो. ‘चंद्राचा’ वेगळा.

मग किंमत कशाची?

आता पैशांचं. तीन आकडे शेजारी ठेवतो.

ऑक्टोबर २०१८ मध्ये बोस्टनच्या आरआर ऑक्शनमध्ये एनडब्ल्यूए ११७८९ हा अशनी ६,१२,५०० डॉलरना विकला गेला. सहा तुकडे, एकमेकांत कोड्यासारखे बसणारे, मिळून साडेपाच किलो. घेणारं कोण, तर व्हिएतनाममधला ताम चुक पॅगोडा. भागाकार केला तर ग्रॅमला सुमारे १११ डॉलर.

त्याच वर्षी सदबीजमध्ये लूना १६ यानाने १९७० साली आणलेले तीन कण गेले. मिळून वजन ०.२ ग्रॅम, म्हणजे खसखशीच्या चिमटीएवढं. किंमत ८,५५,००० डॉलर. ग्रॅमला बेचाळीस लाख डॉलरांच्या वर! सोव्हिएत सरकारने हे कण रॉकेट-शिल्पकार कोरोलेव्ह यांच्या विधवा पत्नीला दिले होते, १९९३ मध्ये ते प्रथम लिलावात आले. चंद्राचा खासगी मालकीचा असा कायदेशीर, यानाने आणलेला दगड माहीत आहे तो एवढाच.

तिसरा आकडा अपोलोच्या दगडाचा, आणि तो शून्य आहे. अमेरिका ते विकतच नाही, खासगी माणसाला बाळगूही देत नाही. होंडुरास देशाला भेट दिलेला १.१४२ ग्रॅमचा खडा १९९८ मध्ये ५० लाख डॉलरना विकायला निघालेला माणूस मायामीत सापळ्यात अडकला. समोरचे गिऱ्हाईक सरकारी अधिकारी होते. खडा जप्त झाला आणि पुढे होंडुरासला परत गेला.

दगड तिन्हीकडे चंद्राचाच. रसायन तेच. मग ग्रॅममागे १११ डॉलर कुठे आणि बेचाळीस लाख कुठे? फरक दगडात नाही, कागदात आहे. लूनाचा कण कुठल्या तारखेला, कुठल्या यानाने, चंद्राच्या कुठल्या जागेवरून उचलला याची नोंद आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर त्याचा सातबारा स्वच्छ आहे.

वाळवंटातल्या दगडाचा सातबारा

अशनीला नाव देण्याचं काम मीटिऑरिटिकल सोसायटीची समिती करते. नियम असा की दगडातले किमान २० ग्रॅम, किंवा एकूण वजनाच्या २० टक्के, यांतलं जे कमी असेल ते एखाद्या मान्य संस्थेकडे कायमचं ठेवायचं. प्रयोगशाळेत त्याचा केसाहून पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, लोह-मँगनीज मोजतात, मग वर्गीकरण होतं. ते छापून आलं की दगडाला नाव मिळतं आणि त्या दिवसापासून त्याला भाव येतो. नाव नसलेला चंद्राचा दगड बाजारात दगडच.

नावात सापडल्याचं ठिकाण असतं, उदाहरणार्थ दार अल गनी २६२, लिबिया. पण सहारात भटके लोक दगड वेचतात, मोरोक्कोत एर्फूदच्या बाजारात तो दोन-चार हात बदलतो, तिथून अमेरिकेतल्या टूसॉनच्या जत्रेत पोचतो. विचारलं तर ठिकाण कुणी सांगत नाही, किंवा मुद्दाम चुकीचं सांगतो, कारण खाण दाखवली तर उद्या सगळं गाव तिथे लोटेल. म्हणून अशा दगडांना नुसतं ‘नॉर्थवेस्ट आफ्रिका’ आणि पुढे क्रमांक मिळतो. एनडब्ल्यूए ते हेच. सातबाऱ्यावर गावाच्या रकान्यात ‘मराठवाडा’ एवढंच लिहावं, तसलं.

याने बिघडतं का? चंद्रावर दगड कुठून सुटला हे शोधायला तो सहारात कुठे पडला याचा काही उपयोग नाही, हे मान्य. पण त्याचे भाऊबंद अजून तिथे पडलेत का, तो किती हजार वर्षं तिथे होता, तो कुठल्या देशाचा, हे सगळं हातातून जातं. याच्या उलट ओमानमधला सायह अल उहैमीर १६९. जानेवारी २००२ मध्ये स्विस-ओमानी चमूने तो रीतसर नोंद करून उचलला, अवघा २०६ ग्रॅमचा. त्यातलं थोरियम आणि पोटॅशियम इतकं भरपूर निघालं की चंद्राभोवती फिरणाऱ्या यानांच्या नकाशाशी ताडून तो लालांद विवराच्या परिसरातला असावा, इथपर्यंत मजल गेली. चंद्रावरचं डोळ्यांना दिसणारं मोठं इम्ब्रियम खोरं सुमारे ३९० कोटी वर्षांपूर्वी आदळीत तयार झालं, हे वयही या दगडाने सांगितलं.

“मग व्यापारावर बंदीच घाला ना,” असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. भटक्या माणसाला चार पैसे मिळतात म्हणून तो वाळवंटात मान खाली घालून चालतो. सहारातले चांद्र अशनी असेच हाती आले, विद्यापीठांनी मोहिमा काढून एवढे मिळाले नसते. पण सध्या जो भाव न्यूयॉर्कला लागतो त्यातलं दगड जिथे पडला तिथे काय पोचतं, हा प्रश्न उरतोच. सुरुवातीला सांगितलेला मंगळाचा दगड नोव्हेंबर २०२३ मध्ये नायजरच्या अगादेझ भागात सापडला होता. लिलावानंतर नायजर सरकारने तो देशाबाहेर गेलाच कसा याची चौकशी लावली आणि मौल्यवान खडे व अशनींची निर्यात थांबवली. लिलावघराचं म्हणणं, सगळी प्रक्रिया नियमाने झाली.

आपल्याकडे सापडला तर?

भारतात अशनींची अधिकृत राखणदार संस्था आहे जिओलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया, म्हणजे जीएसआय. कोलकात्यात तिचा संग्रह आहे, नागपुरात मध्य विभागाचं मुख्यालय. काही पडलेलं दिसलं तर तहसीलदारांना किंवा थेट जीएसआयला कळवायचं, हातोडा मारायचा नाही, धुवायचंही नाही. आणि आकाशातून पडलं म्हणजे दगडच असतो असंही नाही. एप्रिल २०२२ मध्ये चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला रात्री जे पडलं ती रॉकेटची भलीमोठी धातूची कडी होती.

‘नासा हा दगड कोट्यवधींना विकत घेते’ असं सांगणारा माणूस घरी आला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. ‘राइस पुलर’ नावाने तांब्याची भांडी खपवणारेही नासाचंच नाव घेतात. आधी तपासणीची फी मागितली जाते, मग रेडिएशन-सूटचं भाडं, मग आणखी काहीतरी.

हौस म्हणून चंद्राचा तुकडा हवाच असेल तर परदेशी विक्रेत्यांकडे नखाएवढ्या चकत्या कायदेशीर मिळतात. घेताना दगड बघण्याआधी नाव विचारा. नाव सोसायटीच्या यादीत आहे का, वजन नोंदीशी जुळतं का, काप कुणी तपासला, हे बघा. ‘चंद्राचा आहे, पण अजून वर्गीकरण व्हायचंय’ म्हणजे बिनशेती होणारच आहे म्हणून विकलेला प्लॉट.

अजून न पडलेला

शेवटी एक दगड, जो अजून वाटेत आहे. २०१६ मध्ये हवाईच्या दुर्बिणीतून एक छोटा लघुग्रह दिसला, नाव कामोओआलेवा. चाळीस ते शंभर मीटरचा, सूर्याभोवती फिरतो पण पृथ्वीची साथ सोडत नाही. त्यावरून परावर्तित होणारा प्रकाश लघुग्रहांपेक्षा चंद्राच्या मातीशी जास्त जुळतो. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी तो कुठून सुटला असावा याचं गणितही मांडलं: चंद्राच्या पलीकडच्या बाजूचं जिओर्दानो ब्रूनो विवर, २२ किलोमीटर रुंद. मे २०२५ मध्ये चीनचं तियानवेन-२ यान तिकडे निघालं. त्याने उचललेला नमुना २०२७ च्या अखेरीस पृथ्वीवर यायचा आहे. या वेळी सातबाऱ्यावर गाव आधी लिहून झालंय, दगड मागाहून येतोय.